तुकडेजोड

'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस.'

सबमिशनच्या आठवड्यात ज्याने हे वाक्य एकदाही वाचलं नाही तो इंजिनिअरिंगला आहे, असं मी मानतच नाही! व्हायवात सर काय विचारतील याची भीती एक वेळ परवडली, पण रात्री साडेअकराला रिपोर्ट सेव्ह करताना हे वाक्य आलं की पोटात जो गोळा येतो, त्याला तोड नाही. मित्रमैत्रिणींनो, आजचा विषय तोच आहे. डिस्क भरते का, भरली तर काय करायचं, आणि मुख्य म्हणजे भरण्याआधी काय करायचं.

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटची. खामगावात बारावीपर्यंत सगळं इंग्रजीत झालं. कुणी 'एकोणऐंशी' म्हटलं की अजूनही मनातल्या मनात 'सेव्हन्टी-नाइन' करून बघते. त्यामुळे मराठी विभागाच्या मॅडमनी 'तू तुझ्या त्या सर्व्हरवरच लिही, पण मराठीत' असं फर्मान काढलं तेव्हा आधी घामच फुटला. मग लक्षात आलं, या विषयाचं मराठी मला पुस्तकातून नाही, आमच्या आबांकडून आलेलं आहे. असो. ते पुढे येईलच. आणखी एक, या लेखात कमांडसुद्धा देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनल मात्र पक्कं कॉन्व्हेंटचं आहे, त्याला इंग्रजीच कळतं. तिथे टाइप करताना तेवढं लक्षात ठेवा.

तर मंडळी, आपल्या लॅबच्या कोपऱ्यात, कूलरच्या मागे, एक झाकण नसलेला कॉम्प्युटर गुरगुरत असतो. तोच आपला सर्व्हर. भंगारात निघालेल्या मशीनमधल्या तीन डिस्क त्यात आहेत. दोन ५०० जीबीच्या, एक १ टीबीची. त्यावर एनपीटीईएलची लेक्चर्स, नोट्स, जुन्या प्रश्नपत्रिका आणि फायनल इयरच्या अकरा ग्रुपचे प्रोजेक्ट. दोन्ही होस्टेलमधून लॅनवर उघडतो. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी माझ्या सीनियर ताईने तो माझ्या गळ्यात मारला... म्हणजे माझ्याकडे सोपवला!

ताईच्या आधीच्या काळात या तीन डिस्क तीन वेगळ्या फोल्डरसारख्या दिसायच्या. मग व्हायचं काय? लेक्चर्सची डिस्क काठोकाठ भरलेली, आणि शेजारच्या डिस्कवर २०० जीबी मोकळे. पण त्या मोकळ्या जागेचा उपयोग शून्य. तुमच्या लॅपटॉपवर सी ड्राइव्ह लाल आणि डी ड्राइव्ह रिकामा असतो ना, तीच तऱ्हा. पार्टिशन म्हणजे पक्की भिंत. एकदा बांधली की सरकवायला जीव मेटाकुटीला येतो.

यावर उपाय म्हणजे एलव्हीएम, लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर. दिवाळीच्या सुट्टीत मी चिखलीकडे, घाटावर, आमच्या गावी गेले होते. सुट्टीतही लॅपटॉप उघडून मी काय वाचतेय, म्हणून आबांनी विचारलं. मी आपलं सांगायला घेतलं, "आबा, समजा आपली तीन वावरं आहेत. वेगवेगळी. मधले धुरे काढून टाकले, सगळ्यांचा मिळून एक गट केला. आता त्या गटातून कापसाला इतकं, सोयाबीनला इतकं, तुरीला इतकं, असं पाहिजे तसं पाडून घ्यायचं. उद्या कापूस वाढवायचा तर शिल्लक जागेतून द्यायचं. कोणत्या वावरात पेरलं ते पिकाला माहीतच नसतं."

"म्हंजे एकत्र खातं," आबा म्हणाले. झालं! जे मला समजायला तीन रात्री लागल्या, ते आबांना तीन शब्दांत समजलं.

खरंच, शब्दसुद्धा आयते मिळतात. प्रत्येक डिस्क किंवा तिचं पार्टिशन म्हणजे फिजिकल व्हॉल्यूम, आपलं वावर. सगळी वावरं मिळून व्हॉल्यूम ग्रुप, म्हणजे गट. त्यातून पाडलेले हिस्से म्हणजे लॉजिकल व्हॉल्यूम. कमांडही त्याच क्रमाने. 'पीव्हीक्रिएट'ने वावर नोंदवायचं, 'व्हीजीक्रिएट'ने गट करायचा, 'एलव्हीक्रिएट'ने हिस्सा पाडायचा. नंतर नवीन डिस्क आली तर 'व्हीजीएक्स्टेंड'ने ती गटात घ्यायची, आणि 'एलव्हीएक्स्टेंड'ने हव्या त्या हिश्शाला वाढवून द्यायची. या शेवटच्या कमांडला '-आर' जोडलं की आतली फाइल सिस्टिमही सोबतच वाढते. ईएक्सटी४ असेल तर हे सगळं चालू सर्व्हरवर होतं. कुणाचं लेक्चर थांबत नाही, कुणाला 'दोन मिनिटं लॉगआउट व्हा' म्हणावं लागत नाही.

आता गंमत बघा. १९४७ मध्ये मुंबई प्रांतात शेतीची तुकडेबंदी आणि एकत्रीकरण यासाठी कायदा झाला, पुढे तो आपल्या विदर्भालाही लागू झाला. जिथे एकत्रीकरण झालं तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. त्या कायद्याला तुकडे नको होते. एलव्हीएम मात्र आधी तुकडेच पाडतं! सगळ्या डिस्कचे अगदी एकसारखे तुकडे, मुद्दाम काही वेगळं सांगितलं नाही तर ४ एमबीचा एक. त्याला एक्स्टेंट म्हणतात. आपल्या ५०० जीबीच्या एका डिस्कचे असे सुमारे १ लाख १९ हजार तुकडे होतात. सगळे एका मापाचे, म्हणून कुठलाही तुकडा कुठल्याही हिश्शाला देता येतो. माप सारखं असलं की वाटणीत भांडण नाही.

आणि सातबारा? तोही आहे. कोणता तुकडा कोणत्या हिश्शाचा, याची नोंद प्रत्येक डिस्कच्या सुरुवातीला लिहिलेली असते. म्हणजे प्रत्येक वावरात पूर्ण गटाच्या सातबाऱ्याची एक प्रत पुरलेली! प्रत्येक डिस्कला स्वतःचा एक लांबलचक ओळख क्रमांक असतो. त्यामुळे साफसफाईत केबली उलटसुलट लागल्या, काल 'एसडीबी' असलेली डिस्क आज 'एसडीसी' झाली, तरी गट बरोबर ओळखला जातो. फेरफाराची वहीसुद्धा आहे. '/ईटीसी/एलव्हीएम/आर्काइव्ह' या फोल्डरमध्ये प्रत्येक बदलाच्या आधीची स्थिती साध्या मजकुरात जपलेली असते, कोणती कमांड देण्याआधीची ते लिहून. नोंद बिघडली तर 'व्हीजीसीएफजीरिस्टोअर'ने जुनी नोंद परत आणता येते. लक्षात ठेवा, नोंद परत येते, पीक नाही! ज्या जागेवर नवा डेटा लिहिला गेला, तिथला जुना सातबाऱ्याने उगवत नाही.

हे सगळं आलं कुठून? मोठ्या युनिक्स मशीनवर ही सोय आधीपासून होती. लिनक्ससाठी हाइन्झ माउल्सहागेन नावाच्या जर्मन माणसाने १९९८ मध्ये एलव्हीएम लिहिलं, एचपीच्या युनिक्समधल्या व्हॉल्यूम मॅनेजरच्या धर्तीवर. डिसेंबर २००३ मध्ये लिनक्सचं २.६ कर्नल आलं, त्यात डिव्हाइस मॅपर होता आणि त्यावर आजचं एलव्हीएम२ उभं आहे. आणि हे काही सगळं सातासमुद्रापलीकडचंच नाही बरं का. व्हॉल्यूम मॅनेजरसाठी जगभर नाव असलेल्या व्हेरिटास कंपनीचं मोठं डेव्हलपमेंट सेंटर आपल्या पुण्यात होतं. २००५ मध्ये ती कंपनी सिमँटेकमध्ये विलीन झाली, २०१६ मध्ये पुन्हा वेगळी झाली. कंपन्यांचेही गट होतात आणि फुटतात! पण इथून रातराणीत बसलं की सकाळी पोचतो त्या गावात हे काम चालायचं, हे वाचून मला उगीचच बरं वाटलं.

आता आबांकडे परत येऊ. एकत्र खातं म्हणून ते गप्प बसले नाहीत. सुपारी कातरता कातरता त्यांनी विचारलं, "अन् त्यातलं एक वावर पुरानं खरडून गेलं तं?"

मी म्हटलं, "मग त्या वावरातलं गेलं."

"तसं कसं? धुरे तं तुम्ही काढले. कापूस दोन वावरांत पसरला हाय. मंग कोणाचं गेलं? सगळ्याइचंच गेलं नं?"

मी गप्प. कारण खरं होतं. साध्या एलव्हीएममध्ये एक हिस्सा दोन डिस्कवर पसरला आणि त्यातली एक डिस्क मेली, तर तो अख्खा हिस्सा आडवा होतो. तीन वेगळ्या डिस्क असताना एक गेली तर एकीचंच जायचं. एकत्र केल्यावर सोय सगळ्यांची आणि धोकाही सगळ्यांचा. यावर मिररचा उपाय आहे, प्रत्येक गोष्ट दोन डिस्कवर ठेवायची. पण त्याला दुप्पट जागा लागते, ती आपल्या भंगारात कुठून येणार? गट करायला एक कमांड लागते. खरं काम त्याच्या पुढेच सुरू होतं, हे कुठल्या मॅन्युअलने नाही, आबांनी शिकवलं.

सुट्टीवरून आल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल, तर दर रविवारी तिन्ही डिस्कची तब्येत तपासून मला मेल येईल अशी सोय केली. 'स्मार्टसीटीएल' नावाची कमांड डिस्कलाच विचारते, 'बाई, कशी आहेस?' त्यात एक आकडा असतो रीअलोकेटेड सेक्टरचा. डिस्कची एखादी जागा खराब झाली की ती राखीव जागा वापरते आणि हा आकडा वाढवते. बरेच आठवडे तिन्ही डिस्कचा आकडा ०. मग एका रविवारी ५०० वाल्या एका डिस्कचा ८. पुढच्या रविवारी २४. त्याच्या पुढच्या रविवारी ११२.

आणि फायनल इयरचं सबमिशन त्या शनिवारी!

सर म्हणाले, "डिस्क काढ. पण सर्व्हर बंद करू नकोस, पोरं रिपोर्ट लिहिताहेत." वाचायला हे वाक्य चालत्या सायकलचं चाक बदलण्यासारखं वाटतं. पण एलव्हीएममध्ये यासाठीच एक कमांड आहे, 'पीव्हीमूव्ह'. एका वावरातलं सगळं पीक, उभ्याचं उभं, दुसऱ्या वावरात हलवणारी!

दिवसा लॅबचे काका आणि मी मिळून आधी सगळ्या प्रोजेक्टची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली. एलव्हीएम म्हणजे बॅकअप नव्हे, हे वाक्य तुम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. रात्री साडेदहाला वापर कमी होतो म्हणून तेव्हा सुरू करायचं ठरलं. पण आम्ही मुली तर आठला होस्टेलच्या आत. मग? इथेच कमांड लाइनचं महत्त्व कळतं. खिडक्या आणि बटणं नाहीत, नुसती अक्षरं. त्यामुळे मुलींच्या होस्टेलमधल्या कॉटवर बसून, एसएसएचवरून, लॅबमधल्या डिस्कवर काम करता येतं. माऊस काय, स्क्रीनसुद्धा त्या सर्व्हरला नाही.

आधी 'व्हीजीएस'. गटात भरपूर जागा शिल्लक. मग 'पीव्हीएस'. आजारी डिस्कवर ३२० जीबी वाटलेले. मावतंय! हे मावलं ते ताईच्या पुण्याईने. तिने गट करताना सगळी जागा वाटून टाकली नव्हती. मुलं म्हणायची, 'ताई, एवढी जागा पडीक कशाला, आणखी लेक्चर्स टाका की.' ती हलली नाही. त्या पडीक जागेवरच तर आज पीक हलवायचं होतं. मग 'पीव्हीचेंज -एक्स एन', म्हणजे या आजारी डिस्कवर आता नवीन पेरणी बंद. आणि मग 'पीव्हीमूव्ह', पुढे डिस्कचं नाव, आणि एंटर.

०.० टक्के. ०.१ टक्के. ०.३ टक्के...

अंदाजे अडीच तासांचा हिशेब होता. रूममेट म्हणाली, "काय करून राह्यली गं? नुसते आकडे पाहून राह्यली!" खरंच, बघण्यासारखं काहीच नव्हतं. तिकडे मुलांच्या होस्टेलमध्ये कुणीतरी थर्मोडायनॅमिक्सचं लेक्चर बघत होतं, कुणी रिपोर्ट सेव्ह करत होतं, आणि त्यांच्या पायाखालची जमीन हळूहळू सरकत होती. त्यांना पत्ताच नाही.

११ वाजून ४० मिनिटांनी लाईट गेली.

दोन्ही होस्टेलमधून एकदम 'ओऽऽऽ' आलं. लॅबमधल्या यूपीएसची बॅटरी म्हातारी, तिने काही मिनिटं तग धरला आणि माझ्या टर्मिनलवरचा आकडा गोठला. ४६ टक्के. अर्धं पीक इकडे, अर्धं तिकडे, आणि मध्येच काळोख! मी क्वार्टरमध्ये राहणाऱ्या काकांना फोन लावला. ते म्हणाले, "तू नको घाबरू बेटा, लाईट आली का मी जातो." अंधारात बसून मी मॅन्युअलचं आठवलेलं पान मनात परत परत वाचत होते. हातात तेवढंच होतं.

साडेबाराच्या सुमारास लाईट आली. काका टॉर्च घेऊन गेले, बटण दाबलं. मी पुन्हा जोडले गेले आणि फक्त 'पीव्हीमूव्ह' एवढंच टाइप केलं, पुढे काहीही नाही. मॅन्युअलमध्ये तसंच सांगितलंय. अर्धवट राहिलेलं काम त्याचं त्याला आठवतं. थोडं मागे जाऊन, शेवटच्या नोंदीपासून, ते पुढे चालू झालं. पहाटे दोन पन्नासला १०० टक्के. मग 'व्हीजीरिड्यूस'ने ती डिस्क गटातून मोकळी केली, 'पीव्हीरिमूव्ह'ने तिच्यावरची खूण पुसली. हुश्श!

हे वाचलं कसं, तर या कमांडची रीतच तशी आहे. ती जुन्या जागेवरचं आधी उचलत नाही. दोन्ही जागी पीक उभं करते, नवीन जागी पूर्ण झालं की मग फेरफार नोंदवते, आणि त्यानंतरच जुनी जागा सोडते. मध्येच वीज गेली तरी सातबारा कुठल्या तरी एका खऱ्या जागेकडेच बोट दाखवत असतो.

उलट, हिस्सा लहान करायचा असेल तर हाच क्रम तुम्हाला स्वतः सांभाळावा लागतो. आधी फाइल सिस्टिम लहान करायची, मग 'एलव्हीरिड्यूस'. ईएक्सटी४ असेल तर तेही अनमाउंट करून. आधी पीक आवरा, मग धुरा सरकवा. उलट केलंत तर धुऱ्यापलीकडचं पीक गेलंच समजा. आणि एक्सएफएस असेल तर विषयच संपला, ती लहान होतच नाही. तेव्हा वाढवताना हात आखडता घ्यावा. देणं एका ओळीचं काम, परत घेणं महाकठीण. घरोघरीच्या वाटण्यांमध्ये वेगळं काय असतं?

सकाळी मेसमध्ये पोह्यांच्या रांगेत एक सीनियर म्हणाला, "काल रात्री सर्व्हर थोडा वेळ बंद होता का गं?" मी म्हटलं, "हो, लाईट गेली होती." बस. शनिवारी अकराही ग्रुपचं सबमिशन झालं. ती डिस्क काकांनी तारखेची चिठ्ठी लावून कपाटात ठेवली आहे.

आबांना फोनवर सगळं सांगितलं. आमच्या घरी चुली तीन झाल्या, पण शेताचं खातं अजून एकच आहे, हे मला आत्तापर्यंत नुसतंच माहीत होतं. आबा म्हणाले, "खातं एक ठेवणं सोपं नसते पोरी. रोज सकाळी फिरून पाहा लागते, कुठं बांध फुटला, कोणाचं काय दुखते. दिसलं का तेव्हाच उठा लागते." आबा वयाच्या या टप्प्यावरही रोज सहाला शेतात का जातात, याचं उत्तर इतक्या वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं.

तर, पुढच्या वर्षी मी फायनल इयरला. सर्व्हर कुणाच्या तरी गळ्यात मारायचा आहे! सेकंड इयरच्या ज्या कुणाला यायचं असेल त्यांनी शनिवारी दुपारी लॅबमध्ये या. एलव्हीएम आलंच पाहिजे असं नाही, ते आठवड्यात येतं. कूलरच्या मागे खिळ्याला एक वही टांगली आहे. प्रत्येक कमांड देण्याआधी तारीख घालून ती त्यात लिहायची. दर रविवारचा तब्येतीचा मेल खरोखर उघडून वाचायचा. प्रोजेक्टची प्रत दर आठवड्याला बाहेर काढायची. आणि कुणी कितीही मागे लागलं तरी गटातली सगळी जागा वाटून टाकायची नाही.